वाकड्या मानेचा दांडा

एक कोडं सोडव पाहू!

गाण्याची जुनी काळी तबकडी असते ना? जेवणाच्या ताटाएवढी, चकचकीत, मधोमध भोक असलेली? तिच्यावर गोल गोल बारीक रेघा दिसतात. तर सांग, एका बाजूवर अशा किती रेघा असतील?

शंभर? पाचशे? हजार?

नाही, नाही आणि नाही! फक्त एक!

अगदी खरं! ती एकच लांबलचक नाली आहे. तिला चर म्हणतात. दिवाळीत सोऱ्यातून चकली पाडताना पाहिलं आहेस? एकच दोरी स्वतःभोवती फिरत फिरत मोठी होते. तबकडीवरचा चर तसाच, फक्त उलटा! तो काठावरून निघतो आणि फिरत फिरत आत जातो.

ही चकली उलगडून सरळ केली तर किती लांब होईल? चल, हिशेब करू. मोठ्या तबकडीची एक बाजू साधारण २२ मिनिटं वाजते. एका मिनिटात ती ३३ फेरे घेते, आणि वर एक तृतीयांश. म्हणजे झाले सुमारे ७३३ फेरे. काठावरचा फेरा मोठा, आतला लहान. सरासरी एक फेरा धरू ६५ सेंटिमीटरचा. आता कर गुणाकार!

जवळजवळ ४७६ मीटर! ताटाएवढ्या तबकडीत अर्धा किलोमीटर रस्ता गुंडाळून ठेवलाय! आणि पालथ्या बाजूला आणखी तेवढाच!

रस्ता लांब आहे, पण रुंद किती? डोक्यावरच्या एका केसाएवढा. त्याच्या भिंती सरळ नाहीत, नागमोडी आहेत. त्या नागमोडीतच गाणं असतं! ढोल दणाणला की मोठं वळण. बासरी वाजली की इवली इवली, दाटीवाटीची वळणं. अगदी हळू आवाजाची काही वळणं तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान!

मग एवढी बारीक वळणं वाचतं कोण?

एक सुई! आणि त्या सुईला धरून ठेवणारा एक दांडा. आजची गोष्ट त्या दांड्याचीच आहे.

तबकडी फिरवणाऱ्या यंत्राला टर्नटेबल म्हणतात. तबकडीच्या शेजारी एक खुंटी असते आणि खुंटीवर हा बारीक दांडा बसवलेला असतो. त्याचं नाव टोनआर्म. त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटीशी डबी, म्हणजे कार्ट्रिज. डबीच्या पोटाखाली सुई. सुईचं टोक कशाचं, माहीत आहे? हिऱ्याचं! खराखुरा हिरा, फक्त वाळूच्या कणाहूनही लहान.

टोनआर्म दुकानात मिळतो. पण काही माणसं तो घरीच बनवतात! कुणी लाकडाचा, कुणी बांबूचा, कुणी कार्बन फायबरच्या नळीचा. कुणी तो दोऱ्याला टांगतं. कुणी माशांच्या टाकीचा पंप जोडतं. आणि एकाने तर चक्क गोल्फचा चेंडू वापरला! कशासाठी? थांब, चेंडूपर्यंत पोहोचायला आधी दोन-तीन प्रयोग करावे लागतील. तेही आपल्या हातांनी!

पहिली गोष्ट वजनाची. सुईने चरात बसायचं, पण चर ओरबाडायचा नाही. म्हणून तिचा भार असतो साधारण २ ग्रॅम. एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही कमी! पण धातूचा दांडा आणि डबी मिळून तर बरंच जड असतं. मग भार एवढा कमी कसा?

बागेतला सी-सॉ आठव. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची मुलं बसली की फळी अधांतरी राहते. टोनआर्मचंही तसंच. खुंटीच्या मागे दांड्याचं शेपूट असतं आणि त्यावर एक गोल, जड वजन. ते पुढे-मागे सरकवायचं. आधी दांडा हवेत अगदी आडवा तरंगला पाहिजे. मग वजन जरासं पुढे. झाले २ ग्रॅम!

पूर्वीच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनमध्ये असलं वजन नव्हतं. तिथे सुईवर १०० ग्रॅमपेक्षाही जास्त भार पडायचा! सुई पोलादी असायची आणि तबकडीची एक बाजू वाजली की ती फेकून नवी लावायची. त्या तबकड्या कशाच्या होत्या, ओळख. लाखेच्या! पळसासारख्या झाडांवर राहणारे बारीक किडे जी लाख बनवतात, तीच. तिच्यात दगडाची पूड मिसळायची. जगाला लागणारी पुष्कळशी लाख भारतातूनच जायची. १९४८ मध्ये प्लॅस्टिकची, हळू फिरणारी मोठी तबकडी आली आणि दांड्याला हलकं व्हावंच लागलं.

आता खरी गंमत!

दांड्याला एकाच वेळी दोन उलटसुलट कामं सांगितलेली असतात. पहिलं काम, हलत राहा. चर आत आत जातो, तसं दांड्यानेही आत जायचं. एका फेऱ्यात किती? मिलिमीटरच्या आठव्या-नवव्या भागाएवढं! आणि त्याला ढकलायला मोटर नाही, काही नाही. चराची भिंतच त्या सुईला हळूच आत नेते. म्हणून खुंटीवर दांडा इतका सैल फिरला पाहिजे की फुंकर मारली तरी हलेल.

दुसरं काम काय? अजिबात हलू नको!

आँ? हे कसं जमायचं?

आधी दुसरं काम का हवं ते बघू. सुई थरथरते तेव्हा डबीतलं एक चिमुकलं लोहचुंबक तिच्याबरोबर थरथरतं. शेजारी तारेची वेटोळी असतात. चुंबक वेटोळ्यांजवळ हललं की तारेत वीज तयार होते. तीच वीज मोठी करून आपण गाणं ऐकतो. पण सुईबरोबर अख्खी डबीच थरथरली तर? किसणीवर गाजर किसताना गाजराबरोबर किसणीही पुढे-मागे सरकली तर काय होईल? कीस पडणारच नाही! तसंच इथे. सुई हलली पाहिजे, डबी जागेवर पाहिजे. तरच वीज, तरच गाणं.

म्हणजे दांड्याने हलायचंही आणि हलायचंही नाही. उत्तर शोधायला एक कुलूप आण. छोटंसं चालेल. तीन-चार रबरबँड एकमेकांत गुंतवून साखळी कर आणि कुलूप खाली लटकव. पायावर पडणार नाही अशा बेताने हं!

साखळीचं वरचं टोक धरून हात अगदी सावकाश वर-खाली ने. कुलूप मुकाट्याने हाताबरोबर येतं. आता हात भरभर, थोडा थोडाच हलव. अगदी कापल्यासारखा. पाहिलंस? हात नुसता थरथरतोय आणि कुलूप जवळजवळ जागच्या जागी!

हेच ते उत्तर! सावकाश हालचालीला सोबत जायचं, भरभर थरथरीला दाद द्यायची नाही. सुईच्या मागे रबराचा बारीकसा तुकडा असतो, तो आपला रबरबँड. आणि दांडा, डबी मिळून आपलं कुलूप. तबकडी एक फेरा घ्यायला जवळजवळ पावणेदोन सेकंद घेते, म्हणून चराचं आत सरकणं आणि जरा वाकलेल्या तबकडीचा पोक वर-खाली होणं हे सावकाशीचं काम. दांडा त्यांच्यामागे जातो. गाण्याची थरथर सेकंदाला २० वेळांपासून हजारो वेळांपर्यंत! तिथे दांडा ढिम्म. केवढी हुशार युक्ती आहे, नाही?

पण कुलूप खाली ठेवू नकोस. मधला एक वेग शोध. फार सावकाश नाही, फार भरभर नाही. सापडला? कुलूप एकदम उड्या मारायला लागलं ना! हात एवढासा हलतोय आणि कुलूप केवढं नाचतंय! प्रत्येक रबर-कुलपाच्या जोडीचा असा एक लाडका वेग असतो. झोपाळ्यालासुद्धा असतो. नेमक्या तालावर झोका दिला की तो उंच जातो.

घरी टोनआर्म बनवणाऱ्यांची सगळ्यात मोठी काळजी हीच. दांड्याचा लाडका वेग टाळता येत नाही, पण तो कुठे बसवायचा हे ठरवता येतं. दांडा फार जड झाला तर हा वेग मंद होतो आणि पोक आलेल्या तबकडीवर दांडा हिंदकळतो. फार हलका झाला तर हा वेग वाढून थेट गाण्यात घुसतो. म्हणून तो मधल्या मोकळ्या जागेत बसवायचा, सेकंदाला साधारण १० वेळा. त्याहून सावकाश तबकडीचा पोक, त्याहून भरभर गाणं. आता कळलं ना, कुणी बांबू का निवडतं आणि कुणी कार्बन फायबर? वजनाची ही सगळी कसरत! थोडं लाकूड तासायचं, ऐकायचं, पुन्हा तासायचं.

वजन झालं. आता आकाराकडे वळू. टोनआर्म वरून पाहिलास तर एक विचित्र गोष्ट दिसेल. त्याची मान वाकडी असते! दांडा सरळ येतो आणि टोकाशी डबी आतल्या बाजूला वळलेली. चुकून वाकली असेल का? छे! मला तर ह्या सगळ्या यंत्रात ती वाकडी मानच सर्वांत सुंदर वाटते. तिच्यामागे काय आहे, ते तूच शोधून काढ.

एक मोठा कागद घे आणि मधोमध एक टिंब काढ. ती तबकडीची मध्यखूण. तिच्याभोवती तीन वर्तुळं काढ. त्रिज्या ६, साडेनऊ आणि साडेचौदा सेंटिमीटर. कंपासपेटीतलं कर्कटक एवढं उघडलं नाही तर पेन्सिलीला दोरा बांध. आता पुठ्ठ्याची एक पट्टी काप. तिला दोन भोकं पाड, बरोबर २३ सेंटिमीटर अंतरावर. एका भोकात टाचणी, ती खुंटी. दुसऱ्यात पेन्सिल, ती सुई.

टाचणी मध्यखुणेपासून २३ सेंटिमीटरवर टोच आणि पट्टी फिरव. पेन्सिल कमान काढते! अर्थातच, पट्टी एका जागी बांधलेली आहे. पण कारखान्यात चर कोरणारी सुई अशी फिरत नाही. ती रुळावरच्या गाडीसारखी काठापासून मध्याकडे सरळ रेषेत जाते. कोरणारी सुई सरळ चालणारी आणि वाचणारी कमानीत चालणारी. मग दोघींची तोंडं वेगळ्या दिशांना होतात आणि आवाज जरा खरखरीत होतो.

तोंड किती वाकडं होतं ते मोजू. पेन्सिल बाहेरच्या वर्तुळावर आण. तिथून मध्यखुणेपर्यंत रेघ काढ आणि गुण्याने त्या रेघेला काटकोन कर. चर तिथे त्या काटकोनाच्या दिशेने धावतो. आता पट्टी आणि ती दिशा यांतला कोन मोज. अठरा अंशांच्या आसपास येईल. मधल्या वर्तुळावर बारा. आतल्यावर सात-साडेसात. बाप रे, केवढा फरक!

आता जादू! टाचणी फक्त २ सेंटिमीटर जवळ घे, म्हणजे मध्यखुणेपासून २१ वर. पट्टी तीच. पेन्सिल आता मध्यखुणेच्या थोडी पलीकडे जाते. पुन्हा मोज. बाहेर सुमारे २७ अंश. मध्ये २४. आत पुन्हा २७!

कोन मोठा झाला, पण बदलायचा जवळजवळ थांबला! आणि न बदलणारा कोन काढून टाकणं किती सोपं! डबीच २५ अंशांनी वळवून ठेवायची. मग चूक उरते फक्त दीड-दोन अंश. म्हणून मान वाकडी!

खुंटी नेमकी किती जवळ आणि मान नेमकी किती वाकडी, याचं गणित स्वीडनच्या एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये मांडलं. तेव्हा हाताशी संगणक नव्हता. आजही घरी टोनआर्म बनवणारे लोक त्यांच्याच गणिताने खुंटीची जागा ठरवतात. तू आत्ता पुठ्ठ्यावर तेच केलंस!

पण वाकड्या मानेची एक खोड आहे. तबकडी फिरताना सुईला चराच्या दिशेने ओढते. ही ओढ वाकड्या मानेच्या दिशेने असते, दांड्याच्या सरळ रेषेत नाही. म्हणून दांडा उगाचच मध्याकडे झुकतो. उपाय इतका साधा आहे की हसू येईल. एक दोरा घ्यायचा, त्याला चिमुकलं वजन टांगायचं आणि दांड्याला हळूच बाहेरच्या बाजूला ओढायचं. संपलं!

असं टांगतं वजन ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झालं, ते टोनआर्म आले कुठून माहीत आहे? एकेकाळी छोटे नमुने बनवणाऱ्या एका कारखान्यातून! इंग्लंडमध्ये ॲलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली. ती सुरुवातीला छोट्या प्रतिकृती आणि त्यांचे सुटे भाग बनवायची. पुढे तिचं नाव झालं एसएमई. १९५९ मध्ये त्यांना स्वतःच्या घरासाठी चांगला टोनआर्म हवा होता. मग त्यांनी बनवला! ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांना तो इतका आवडला की कंपनी तेच बनवू लागली. त्या दांड्याची वर-खाली हालचाल बिजागरीवर नव्हती, सुरीच्या धारेवर होती. सोनाराचा तराजू धारेवर तोललेला असतो ना, तसा! धारेवर घासायला जागाच किती उरते?

आणि आता, ज्याची वाट पाहत होतास किंवा पाहत होतीस, तो गोल्फचा चेंडू!

अमेरिकेतले इंजिनिअर विल्यम फायरबॉ यांनी विचार केला, खुंटी हवीच कशाला? जिथे दोन तुकडे एकमेकांवर बसतात तिथे थोडी खडखड येणारच. मग त्यांनी दांडा दोऱ्याला टांगला. दांड्याच्या खाली एक गोल्फचा चेंडू जोडला आणि तो एका वाटीत, दाट सिलिकॉन तेलात बुडवला. बस्स! धातूवर धातू घासायचा प्रश्नच नाही.

पण तेल कशाला? मधाच्या बरणीत चमचा घाल. सावकाश ढवळ, चमचा गुपचूप फिरतो. झटकन हलवून बघ, मध त्याला धरून ठेवतो! सावकाश जाऊ दे, झटक्याला अडव. आपलं कुलूप हेच करत होतं ना? कुलपाने वजनाच्या जोरावर केलं, चेंडू तेलाच्या जोरावर करतो. शिवाय तेलामुळे तो लाडक्या वेगाचा नाचही शमतो. मला विचारशील तर ही युक्ती सगळ्यांत लाडकी!

जर्मनीतल्या फ्रँक श्रोडर यांनीही दोराच घेतला, पण तेलाऐवजी दांड्याच्या खाली लोहचुंबकं बसवली. त्यांच्या ओढीने दोरा ताठ राहतो आणि दांडा डगमगत नाही. घरी बनवणाऱ्या कितीतरी जणांनी ही कल्पना उचलली. दोरा, चुंबकं आणि लाकडाची कांडी. सामान शाळेच्या दप्तरात मावेल!

काही जण म्हणतात, कमान नकोच! कोरणारी सुई सरळ जाते तर वाचणारीही सरळच जाऊ दे. ते काचेची गुळगुळीत नळी आडवी बसवतात आणि तिच्यावर चिमुकल्या बेअरिंगच्या चाकांची गाडी सोडतात. गाडीलाच सुई. कुणी चाकंही काढून टाकतं. नळीला बारीक भोकं पाडायची, आतून हवा सोडायची आणि गाडी हवेच्या पातळ थरावर तरंगवायची! माशांच्या टाकीचा पंप लागतो तो इथे. फक्त पंपाची घरघर गाण्यात यायला नको, म्हणून तो दूर, कधी कधी पलीकडच्या खोलीत ठेवतात आणि लांब नळीने हवा आणतात.

आणि स्वित्झर्लंडमधल्या मिखा हुबर यांनी तर भूमितीचं पुस्तकच उघडलं. एक अर्धवर्तुळ काढ. व्यासाच्या दोन्ही टोकांपासून कमानीवरच्या कुठल्याही बिंदूला रेघा जोड. मधला कोन मोज. ९० अंश! दुसरा बिंदू घे. पुन्हा ९०! हा नियम ग्रीक गणिती थेल्स यांच्या नावाने ओळखला जातो. ते सुमारे २६०० वर्षांपूर्वी होऊन गेले! हुबर यांनी ह्या नियमावर असा टोनआर्म बेतला की तो खुंटीभोवतीच फिरतो, पण डबी वाटेत स्वतःच वळत राहते आणि चराच्या दिशेलाच तोंड ठेवते. त्याचं नावही थेल्सच ठेवलं!

तुझ्या घरी, मामाकडे किंवा शेजारी कुणाकडे टर्नटेबल असेल तर विचारून जवळ जा. सुईला हात लावायचा नाही हं, ती फार नाजूक असते! फक्त वरून बघ. शेपटाचं वजन शोध. टांगता दोरा आहे का ते शोध. मग कोनमापक वरच धरून दांडा आणि डबी यांच्यातला कोन वाच. वीस ते पंचवीसच्या जवळपास आला तर तो लोफग्रेन यांच्या गणिताचा. दांडा लांबलचक असेल तर कोन त्याहून जरा कमी येईल, कारण लांब दांड्याची कमान जास्त सपाट असते. आणि शून्य आला तर? दांडाही सरळ, मानही सरळ? तर तो बहुधा डीजेसाठी बनवलेला! डीजे तबकडी हाताने पुढे-मागे घासतात. सरळ मानेला ती आत झुकण्याची खोड जवळजवळ नसते, म्हणून सुई सहसा उडी मारत नाही. आवाज थोडा खरखरीत झाला तरी त्यांना चालतो!